शेवटचा बारका शब्द

२ मे, सोमवार
सकाळी देवापुढं दिवा लावला, हात जोडले, आणि बिरोबाचं नाव घ्यायच्या आधी तोंडातून 'लिफ्ट अप, स्लाइड इन' निघालं. सौ. चुलीपाशून म्हणाली, "देवाला इंग्लिश कळतंय व्हय?" हसू आलं नाही. पुन्हा नाव घेतलं. चित्त लागलं नाही.
शेंद्र्याच्या कारखान्यात, आमच्या शेडमध्ये आजपासून परदेशी साहेब. नवं प्रेस मशीन तेच बसवून घेणार. ते इंग्रजीत सांगणार, मी खाली उभा राहून वरच्या क्रेनवाल्याला हातानं खुणा करणार. हेच काम इतकी वर्षं मराठी-हिंदीत केलं. तेव्हा रात्री झोप यायची. आता आठवडाभर हेच शब्द घोकतोय.

३ मे
आज झालं असतं.
परदेशी साहेब (पुढं नुसतं प.सा. लिहितो) 'स्लाइड' म्हणाले, पुढं काहीतरी बारकं. मी 'स्लाइड' ऐकलं की सुटलो. आत घ्यायची खूण केली. त्यांना बाहेर हवं होतं. मशीनचा लोखंडी पाया सलीमच्या छातीपासून हातभर अंतरावर येऊन थांबला. सलीम आमचा फिटर, शहागंजचा, माझ्याच वयाचा. भिंतीला चिकटून उभा, चेहरा पांढरा, तरी म्हणतो, "क्या मामू, ईद तक तो जीने दो!" सगळे हसले.
नळाशी गेलो. तोंडावर पाणी मारलं.

४ मे
शीतलला विचारलं. पोरगी बी.ए.ला आहे, इंग्रजी घेतलंय. तिनं जमिनीवर स्टीलचा ग्लास ठेवला.
"बाबा, आपण म्हणतो आत घाल, बाहेर काढ, चढव, उतरव. शब्द निघाला की दिशा कळली. सरकवत का झुलवत, ते निराळं सांगायचं. त्यांचं बघा. स्लाइड इन, स्लाइड आऊट, स्लाइड अक्रॉस. मोठा शब्द तोच. तो फक्त कसं जायचं ते सांगतो. कुठं जायचं ते शेवटच्या बारक्या शब्दात. तुम्ही मोठ्या शब्दावरच पळता."
"मग?"
"थांबायचं. शेवटचा शब्द येईस्तोवर."
तिला सोपं. तिच्या हातात ग्लास आहे.

पडल्या पडल्या विचार. लहानपणी मेंढरांमागं हिंडलो. कळप पुढं, आपण मागं. तोंडानं एक आवाज काढला की सगळी वळायची. कोणत्या भाषेत वळायची कोण जाणे. अजून घाबरलो की पाय आपोआप लोडच्या, क्रेनला टांगलेल्या वजनाच्या, मागं जातात. चव्हाण सुपरवायझर ओरडतात, "मामा, पुढं या! क्रेनवाल्याला दिसा की!"

५ मे
थांबून पाहिलं. शेवटच्या शब्दाची वाट बघत राहिलो, तेवढ्यात लोड झोके खायला लागला. म्हणजे लवकर हाललो तरी मरण, उशिरा हाललो तरी.
जेवणाच्या सुट्टीत चव्हाण साहेबांना सांगितलं, सगळं कळत नाही.
"कुणाला कळतंय सगळं? मान हलवत चला. काम थांबलं नाय पाहिजे. जमत नसंल तर सांगा, दुसरा माणूस बघतो."
शनिवारी प्रेसचा वरचा भाग उतरवायचा. अख्खा डोंगर. खाली सलीम आणि दोघं बोल्टांची भोकं जुळवायला.
संध्याकाळी गावाकडं फोन लावला. भाऊ म्हणाला, "चारा नाय, पाणी नाय, मेंढरं इकून टाकली. हिकडं यायचं डोक्यात आणू नगंस." मी तर अजून काही बोललोच नव्हतो.

६ मे
आमच्या मुकुंदवाडीत नळ आला नाही. टँकरपाशी सौ.बरोबर घागरी घेऊन उभा राहिलो. टँकर मागं घेताना सगळी गल्ली ओरडत होती, "येऊ दे, येऊ दे, बास!" एकही शब्द चुकला नाही. रडायला आलं.
शिफ्ट सुटल्यावर सलीमला गाठलं. गेटबाहेर. म्हटलं, "सलीमभाई, साहेब बोलतात ते मला निम्मं कळत नाही. उद्या तू खाली असशील."
त्याची मस्करी बंद झाली. हातावर तंबाखू मळू लागला.
"मेरेकू बोला, अच्छा किया. अब चव्हाण को मत बोलो. समझ्या नै तो रोक देना. बस."
"आणि नोकरी?"
"नोकरी तुम्हारी, गर्दन मेरी. तुमीच सोचो मामू."

७ मे, शनिवार
हे लिहिताना खांदे दुखतायत.
लोड वर गेला, सरळ आला. पहिल्या दोन सूचना कळल्या. मग प.सा. भराभर बोलले. मोठा शब्द ओळखीचा, 'स्विंग'. त्याच्यामागं बारके दोन. कान त्या दोन शब्दांवरच होता, ऐकूही आले स्वच्छ. पण इकडं का तिकडं, ते मनात उमटेना. सलीम वर बघत होता. लोडकडं नाही, माझ्याकडं.
दोन्ही हात आडवे केले. क्रेन थांबली.
प.सा. पुन्हा तेच बोलले, मोठ्यानं. चव्हाण साहेब धावत आले. "मामा, हात हलवा! सगळे बघतायत!" मी म्हटलं, "नाही कळलं. हातानं दाखवा म्हणावं." माझाच आवाज मला लई मोठा वाटला.
चव्हाण म्हणाले, "सोमवारी ऑफिसात या." आणि गेले. प.सा. मात्र जागचे हालले नाहीत. माझ्याकडं बघत राहिले. रागानं का कशानं, तेही कळलं नाही.
सलीम खालून बाजूला होईपर्यंत मी हात खाली घेतले नाहीत.