धंदा न पटलेला जामीनदार

तीर्थस्वरूप आतोबांच्या सेवेशी,

शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग घालण्याइतकी मोकळी जमीन सध्या आमच्या घरात नाही, म्हणून पलंगाच्या कडेवर बसूनच लिहितो आहे, नमस्कार मात्र पूर्ण लांबीचा समजावा.) आपला गुडघा कसा आहे? तो लवकर बरा व्हावा असं मला मनापासून वाटतं, आणि हे मी स्वतःच्या पोटावर पाय देऊन म्हणतो आहे, कारण लोकांचे गुडघे हेच आता माझं भांडवल. फोन न करता पत्र लिहितो याचं कारण असं की फोनवर आपण पहिल्या वाक्यालाच ‘मुद्द्यावर ये’ म्हणता, आणि माझा मुद्दा जरा मागून चालत येणारा आहे.

धंदा बरा चालला आहे, म्हणूनच घर बंद पडायच्या बेतात आहे. आजाऱ्यांना लागणाऱ्या वस्तू भाड्याने द्यायच्या म्हणजे त्या परत येणार हे मला ठाऊक होतं. लोक इतक्या झपाट्याने बरे होतात हे ठाऊक नव्हतं. बैठकीच्या खोलीत व्हीलचेअर ओळीने उभ्या आहेत आणि पाहुण्यांना बसायला दुसरं काही नाही. आई वॉकरवर टॉवेल वाळत घालते. बाबा दुपारी हँडलच्या पलंगावर झोपतात आणि डोकं वर घ्यायचं झालं की मला हाक मारतात. (पूर्वी ते स्वतःच उठत असत.) परवा स्वयंपाकघरात जायला बायकोला कुबड्यांच्या जुडीवरून उडी मारावी लागली तेव्हा तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि मी त्याच संध्याकाळी जागा शोधायला बाहेर पडलो. त्यातच मोठ्या दवाखान्याचा निरोप आला: बरे होऊन घरी जाणारे पेशंट ते माझ्याकडे पाठवतील, पण दारावर पाटी असलेलं रीतसर ऑफिस हवं, तेही या महिन्याच्या आत. नाहीतर ते दुसरा माणूस बघतील आणि मला जुन्या नोकरीची पायरी पुन्हा चढावी लागेल. (साहेबांनी माझी खुर्ची अजून रिकामी ठेवली आहे, असं ते भेटतील तिथे प्रेमाने सांगतात. त्या खुर्चीला चाकंही नाहीत.)

जागा मिळाली ती दृष्ट लागण्यासारखी. तळमजला, दोन खोल्या, पलंग तिरका न करता आत जाईल एवढं रुंद दार, आणि पायऱ्यांच्या शेजारी उतार. मालकीणबाईंचा जन्म विमा कंपनीत लोकांचे दावे तपासण्यात गेला आहे. जळालेलं दुकान बघून ते आपोआप जळलं की कुणी जाळलं हे त्या वासावरून सांगत, असं शेजारी म्हणतात. त्यांनी माझे कागद मागितले. ओळखपत्र दिलं, फोटो दिले (एका फोटोत मी हसतो आहे म्हणून तो परत आला), जुन्या साहेबांचा दाखला दिला. मग धंद्याची नोंदणी मागितली. नोंदणीच्या कार्यालयात गेलो तर ते म्हणाले, आधी जागेचा करार आणा. बाई म्हणाल्या, आधी नोंदणी आणा. या दोन दारांमध्ये माझा चेंडू झाला. शेवटी बाईंनाच दया आली. त्या म्हणाल्या, कागद राहू देत, मी घरी येऊन तुमचा धंदा चालताना बघते.

त्या येणार हे मी फक्त बायकोला सांगितलं होतं. तिने ते फक्त आईला सांगितलं. पुढचं आपण जाणताच.

बाई येऊन बसल्या (व्हीलचेअरवरच, ब्रेक मी लावला होता) आणि नेमकं त्या सकाळी एकही गिऱ्हाईक फिरकेना. तेवढ्यात दार वाजलं आणि बाबा लंगडत आत आले. मला ‘अहो साहेब’ म्हणाले आणि वॉकर दाखवा म्हणाले. येताना उजवा पाय लंगडत होता, खिडकीपर्यंत जाऊन वळेपर्यंत डावा लंगडायला लागला. पाठोपाठ आई आली, हातात पिशवी, चेहरा अगदी परका. तिला सासूसाठी काठी हवी होती. (आजीला जाऊन किती काळ लोटला ते आपण जाणता.) आणि शेवटी बायकोने व्हीलचेअरमधून ढकलत आणलेली, पायांवर शाल घेतलेली, कण्हणारी बाई म्हणजे आपली आत्या. तिने आपल्याला चष्म्याची काच बदलायला जाते असं सांगितलं होतं, त्याबद्दल तिला बोलू नका. काच तिने जाता जाता खरोखरच बदलली.

इथवर सगळं ठीक होतं. पण बाबा वॉकर धरून उभे राहिले आणि आईला राहवेना. तिने परक्या आवाजातच विचारलं की सकाळची गोळी घेतली का. बाबांनीही परक्यासारखं सांगितलं, घेतली. बाईंनी मान वळवून आईला विचारलं, तुम्ही यांना ओळखता?

“छे हो,” आई म्हणाली. “यांचं असंच आहे, विसरतात.”

त्यानंतर जे झालं त्यासाठी मी कुणाला दोष देत नाही. बाई येऊन इतका वेळ झाला आणि कुणी चहा विचारला नाही, हे आत्याच्या ध्यानात आलं. ती शाल बाजूला ठेवून व्हीलचेअरमधून उठली, तरातरा स्वयंपाकघरात गेली, (कुबड्यांच्या जुडीवरून उडी मारून) चहाचा ट्रे घेऊन आली, बाईंना साखर विचारली, आणि मग परत खुर्चीत बसून शाल पायांवर ओढून घेतली. कण्हायचं राहिलं होतं, तेही आठवणीने कण्हली.

बाईंनी चहा सावकाश संपवला. महिना संपत आलेला, दवाखाना हातचा जाणार, आणि मी त्या रिकाम्या कपाकडे बघत होतो.

“माझं आयुष्य खोटं बोलणाऱ्यांत गेलं,” बाई म्हणाल्या. “इतकं वाईट खोटं बोलणारं घर मी पाहिलं नाही. जागा द्यायला माझी हरकत नाही. पण जामीनदार रक्ताचा नको, आणि तुमच्यावर भाळलेला तर नकोच. ज्याला तुमचा हा धंदा पटलेला नाही, तो तुमच्यासाठी सही करत असेल तर मी डोळे मिटून किल्ली देते.”

आतोबा, मी नोकरी सोडली तेव्हा सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. आपण एकट्यानेच भरल्या घरात सांगितलंत की धडधाकट माणसाने दुसऱ्याच्या लंगडण्यावर जगू नये. तेव्हा मला फार लागलं होतं. आज त्या वाक्याबद्दल मी आपला जन्माचा ऋणी आहे. सगळेच गोड बोलले असते तर आज मी जामीनदार कुठून आणला असता? आईबाबांचे, बायकोचे, आत्याचे उपकार आहेतच. त्यांच्यामुळे जागा मिळते आहे. पण किल्ली आपल्या विरोधामुळे मिळेल, आणि हे मी खरंच भरल्या मनाने लिहितो आहे.

आपला आज्ञाधारक (धंद्याची बाब वगळून),
भाचा

ता. क. : मुद्दा लक्षात आलाच असेल. येत्या सोमवारी सकाळी सहीला यावं.

आणखी ता. क. : बाई आपल्याला माझ्याबद्दल विचारतील. मनात असेल ते सगळं बोला, काही हातचं राखू नका. चुकूनही माझं कौतुक करू नका, एवढीच विनंती.

शेवटचं ता. क. : पत्र पाकिटात घालत होतो. ते घेऊन जायला आत्या आली आहे, आणि ती आत्ता सांगते की बागेत फिरायला येणाऱ्या प्रत्येकाला आपण थांबवून माझा नंबर देता, ‘माझ्या भाच्याचा धंदा आहे’ म्हणून. माझी निम्मी गिऱ्हाइकं त्या बागेतली आहेत आणि ती कुणी पाठवली हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही. आतोबा, आता मला दुसरा कुणी विरोधक ठाऊक नाही, आणि खोटं तर आपल्या घरात कुणालाच बोलता येत नाही. तरी सोमवारी या. जमलं तर मला चार नावं ठेवा. न जमलं तर नुसते माझ्या शेजारी बसा. किल्लीचं काय व्हायचं ते होऊ दे.