अकरा नंबरच्या विधवा बाई

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा, वहिनींचा खोकला आणि तुमचं कानातलं यंत्र (ते या वेळी पिठाच्या डब्यात सापडलं म्हणे) सगळं जागच्या जागी असेल, असं धरून चालतो. इकडे तुमची बहीण बरी आहे. न्यूमोनिया उतरला, दोन वेळा जेवते, स्वतःच्या पायांनी चालते. मीही बरा आहे. फक्त तिच्या मते मी वारलो आहे.

घाबरू नका, तिचा स्मृतिभ्रंश तुम्हाला माहीतच आहे, क्रमाने सांगतो. मागच्या वर्षी तिला इस्पितळाच्या याच वॉर्डात ठेवलं होतं, ते तुम्हाला आठवत असेल. तेव्हा तिथली फरशी अशी चकचकीत होती की तिला सगळीकडे पाणी दिसायचं. दारात काळं पायपुसणं होतं, ती तिच्या लेखी विहीर. लोक विहिरीवरून खुशाल चालत येताहेत म्हणून ती दिवसभर ओरडायची. ते नुसतं पायपुसणं आहे हे पटवायला मी त्यावर दोन्ही पायांनी उडी मारली (वय वर्षं एकाहत्तर). तिने जी किंकाळी फोडली, ती अजून माझ्या कानात आहे. मी तिच्या डोळ्यांदेखत बुडालो होतो. पुढे ती सलाइन उपटते म्हणून तिचे हात खाटेला बांधले. आणि मी? भेटीची वेळ संपली म्हणून दाराबाहेर. नवव्या दिवशी घरी आणली ती चालणं आणि बोलणं तिथेच विसरून आल्यासारखी. बोलणं परत यायला दोन महिने लागले.

या वेळी ताप एकशे तीनवर गेला आणि डॉक्टर 'दाखल करा' म्हणाले, तेव्हा मला आधी ती पायपुसण्याची विहीर आठवली. पण वॉर्ड ओळखू येईना. कुणा एका बाईंची आई तिथेच तशा हालात गेली होती. बाई रडत बसल्या नाहीत. त्यांनी ट्रस्ट काढला. ट्रस्टने फरशी बदलून खडबडीत, मातकट रंगाची केली. काळं पायपुसणं गेलं. संडासाचं दार झणझणीत पिवळं केलं (आंधळ्यालाही घाई लागेल इतकं). भिंतीवर मोठं घड्याळ लावलं, त्यावर 'आज मंगळवार, दुपार' असं शब्दांत येतं. नातेवाइकांसाठी उलगडून पलंग होणारी खुर्ची आली, म्हणजे आता मला कोणी बाहेर काढत नाही. आणि पगारी सोबतीण नेमली. ती इंजेक्शन देत नाही, औषध देत नाही, नुसती जवळ बसते. या वेळी हात बांधायची पाळीच आली नाही. सलाइनचा हात सोबतिणीच्या हातात असायचा.

सोबतिणीचा एकच दंडक. पेशंटचं बोलणं खोडून काढायचं नाही, त्याच्या बरोबरीने चालायचं. तेव्हा तुमच्या बहिणीने पहिल्याच दिवशी मला नळ दुरुस्त करणारा ठरवलं, तर मी मुकाट्याने नळवाला झालो. ती मला "अहो नळवाले" म्हणते. (त्यातलं 'अहो' मी ठेवून घेतो, बाकीचं नळाला.)

दुपारी तीनला सगळा वॉर्ड कुजबुजायला लागतो. बारा खाटांवरच्या बारा जणी (तुमची बहीण अकरा नंबरला), आणि प्रत्येकीच्या उशाशी कोणीतरी बसलेलं असतं, जे मला दिसत नाही. त्याच वेळी ती मला माझं मरण सांगते. रोज तेच, एक शब्द इकडचा तिकडे नाही. ते न्हाणीघरात पडले. कपाळ फुटलं. नळ चालूच होता. मी हाका मारत राहिले, पाणी उंबऱ्याबाहेर आलं, ते काही उठले नाहीत.

दादा, तीन वर्षांपूर्वी मी खरोखरच पडलो होतो. तुम्हाला कळवलं नाही. किती वेळ पडून होतो, मला माहीत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा ती नळाची चावी दोन्ही हातांनी धरून बसली होती. त्या दिवशी मी उठलो. तिच्या लेखी मी उठलोच नाही. तो नळ अजून वाहतोय, म्हणून तर तिला नळवाला लागतो.

मला खोडून काढायची मनाई, म्हणून मी दुःखात सहभागी होतो. स्वभावाने कसे होते, म्हणून विचारलं. म्हणाली, "माणूस चांगला. पण घोरायचे. आणि ऐकायचे नाहीत कुणाचं." मी मान डोलावली. मेलेल्या माणसाची बाजू कोणी घ्यायची?

परवा मात्र वेगळंच घडलं. न्हाणीघरातल्या आरशाला ट्रस्टने लाकडी झडप बसवली आहे, कारण आरशातल्या परक्या म्हातारीला पेशंट घाबरतात. ती झडप कोणीतरी उघडी टाकली. मी तिला धरून उभा होतो. तिने वर पाहिलं, आरशात माझ्याकडे बोट केलं आणि हळूच म्हणाली, "नळवाले, बघा. हे आमचे हे." मग आरशातल्या माणसाला विचारलं, "आता दुखत नाही ना?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यानेही हलवली. (खरं सांगतो, तो क्षणभर उशिरा हलला.) ती इतकं मोकळं हसली की तीन वर्षांत तसं हसलेली नव्हती. सोबतिणीने येऊन अलगद झडप लावली. तेव्हापासून तिने माझं मरण सांगितलेलं नाही. शांत झोपते. येत्या सोमवारी घरी सोडणार आहेत.

वहिनींना नमस्कार.

आपला मेहुणा
(नावापुढे कै. लावू नये)

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. ती परक्या पुरुषाच्या घरी यायला तयार नाही. नळवाला भला माणूस आहे, पण लग्नाशिवाय नाही, आणि दादाच्या होकाराशिवाय लग्न नाही, असं तिने सोबतिणीला बजावलंय. तेव्हा रविवारी दुपारी फोन करतो, यंत्र कानात असू द्या आणि एकदा 'हो' म्हणा. मागच्या खेपेला तुम्ही आठ महिने लावलेत. तेवढा वेळ या वेळी नाही.

ता. क. २. तिची एक अट आहे. गेलेल्या नवऱ्याचा फोटो बैठकीतून काढायचा नाही. मी कबूल झालो आहे.