दहावा

अंबरनाथ, ११ ऑगस्ट २००४

प्रिय रूबेन,

बाबांच्या दुखवट्याच्या तिसऱ्या संध्याकाळी, मृतासाठीची कद्दिश म्हणायला आमच्या घरी नऊच जण जमले होते. दहा ज्यू पुरुषांशिवाय ती प्रार्थना होत नाही. तेवढ्यात एमआयडीसीतली पाळी संपवून, कारखान्याच्या गणवेशातच तू आलास. तुझे हिब्रू उच्चार अशुद्ध म्हणून चारचौघांत टोकून मी आपला साखरपुडा मोडला होता, तरी आलास. दाराच्या चौकटीवरच्या मझुझाला, त्या पवित्र वचनांच्या डबीला, लावलेला हात ओठांशी नेत म्हणालास, "सिप्पोरा, मला वाचायला नको सांगूस. मोजायला तरी चालेन ना?"

प्रार्थना म्हणता म्हणता माझा भाऊ मोझेस थांबला. पुढचे शब्द तू त्याला एकेक करून सांगत गेलास आणि तो ते तुझ्या चुकांसकट म्हणत गेला. बाबा गेल्यापासून कोरडे राहिलेले माझे डोळे तेव्हा भरले. मी एकही उच्चार सुधारला नाही.

तुझे उपकार मी विसरणार नाही. हे पत्र चार वेळा शुद्ध करून लिहिले. 'क्षमा' हा शब्द मात्र अजून कुठेच नीट बसत नाही, म्हणून ते माझ्यापाशीच राहील.

तुझी ऋणी,
सिप्पोरा