नसीमबाईंचं एक मिनिट

कर्वेनगर, मंगळवार संध्याकाळ

आजोबा, आपलं दुखणं एकच: भाषण केलं की सभा ऐकते, घर ऐकत नाही. आठ महिन्यांची नात खोकतेय. खोकला या विषयावर मी अर्धा तास बोललो, मधाची बाटली काढली. सून म्हणाली, "अहो बाबा, वर्षाच्या आत मध देत नाहीत. नसीमबाई सांगत होत्या."

शेजारच्या नसीमबाई, निवृत्त नर्स. त्या आल्या, झबलं वर केलं, घड्याळ धरून मिनिटभर श्वास मोजले. सगळं घर गप्प. इतकी शांतता मला कुठल्या सभेत मिळाली? जळलो, खरंच.

"आत्ता ठीक आहेत. मिनिटाला पन्नास किंवा जास्त श्वास भरले, की लगेच डॉक्टरांकडे न्या." सुनेने लिहून घेतलं. माझं एक वाक्य तरी लिहिलं कधी?

उद्या त्या गावाला जाणार. म्हणजे आजोबा, सकाळी तोंड मिटा आणि ते एक मिनिट मोजा.