वळणावर थांबवलेली गाडी

पिंपळे गुरव,
९ फेब्रुवारी २०२५

चि. नागसेन यास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

फोनवर तू नुसतं ‘बघू’ म्हणतोस, म्हणून कागद घेतला. ह्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. काल घरी आणलं.

त्या दिवशी काय झालं ते नीट वाच. पहिली शिफ्ट संपवून हे चाकणहून दुचाकीवर एका कामासाठी तळेगावला निघाले होते. चोरीची गाडी येतेय म्हणून पोलिसांनी वळण संपतं तिथेच अचानक नाकाबंदी लावली. ना फलक, ना रस्त्यावर ठेवतात ते प्लॅस्टिकचे कोन. हवालदाराने ह्यांना भर रस्त्यात थांबवून किल्ली काढून घेतली. गाडी कडेला घेतो, असं हे दोनदा म्हणाले. आधी लायसन दाखव, म्हणाला. तेवढ्यात मागून कंटेनर आला. हवालदार उडी मारून वाचला.

पंचनाम्यात मात्र लिहिलंय, दुचाकीस्वार मोबाइलवर बोलत रस्त्यात उभा होता. मोबाइल डब्याच्या पिशवीत होता रे! तू स्वतः पोलिसात आहेस. काय करू ते सांग.

लोभ आहेच, आता तो उपयोगी पडू दे.
तुझी ताई,
मिनल

बार्शी,
१६ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सविनय जय भीम. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. सिग्नल हिरवा झाला तरी भाऊजी दोन्हीकडे बघून निघायचे. आपण किती चेष्टा करायचो त्यांची.

तरी माझं ऐक. कंटेनरचा ड्रायव्हर अटकेत आहे, विम्याचा दावा होईल. पोलिसांचं नाव घेतलंस तर केस वर्षानुवर्षं लांबेल. पोलिसांविरुद्ध साक्ष तरी कोण देणार? शिवाय माझं प्रमोशन तोंडावर आलंय. शांतपणे घे.

राग मानू नये, लोभ कमी करू नये.
तुझा,
नागसेन

पिंपळे गुरव,
२४ फेब्रुवारी २०२५

नागसेन,
जय भीम.

शांतपणे घे म्हणतोस? काल चौकीत गेले होते. साहेबांनी मान वर न करता विचारलं, ड्रायव्हर पकडलाय, आता अजून काय हवंय बाई? मी म्हटलं, किल्ली हवीय. मोबाइलवर बोलणाऱ्या माणसाच्या गाडीची किल्ली तुमच्या हवालदाराच्या खिशात कशी गेली? त्यांनी मला बाहेर काढलं.

साक्ष त्या वळणावर उसाच्या रसाची गाडी लावणाऱ्या सुमनताई देणार आहेत. गाडी उचलून नेऊ, असं त्यांना धमकावून झालंय. त्या आपल्या कोणी लागत नाहीत. तू माझा सख्खा भाऊ आहेस.

गाडी कुठे आणि कशी थांबवायची, हे तुला ट्रेनिंगमध्ये शिकवलं असेल ना? तेवढं लिहून पाठव, सहीसकट. वकिलांना द्यायचंय. जमत नसेल तर लोभाचं राहू दे.
मिनल

बार्शी,
११ मार्च २०२५

ती. ताईस,
सविनय जय भीम. वि. वि.

गेल्या आठवड्यात रजा काढून, तुला न कळवता त्या वळणावर जाऊन आलो. वळणापासून ती जागा जेमतेम पंचवीस पावलं. मागच्याला ब्रेक दाबायलाही वेळ मिळत नाही. तोच हवालदार तिथेच गाड्या अडवत होता! मी ओळख सांगितली. हुकूम वरून येतो, कोन मिळत नाहीत, म्हणाला. माझा हातच उठला असता. मग आठवलं, गेल्या वर्षी मीही घाटात एक जीप अशीच अडवली होती. मागून काही आलं नाही, एवढाच फरक.

आधी गाडी कडेला, मग कागदपत्रं. थांबवलेल्या गाडीची जबाबदारी थांबवणाऱ्याची. हे मी बक्कल नंबरासह लिहून सही केलीय. एक प्रत तुझ्या वकिलांना, एक आमच्या साहेबांना दिली. साहेबांनी बोलावून मागे घ्यायला सांगितलं. घेतलं नाही. प्रमोशन गेलंच समज.

उशीर केला. तरी लोभ असू द्यावा.
नागसेन

पिंपळे गुरव,
२ ऑगस्ट २०२५

चि. नागसेन यास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

सुमनताईंची साक्ष झाली, तुझा कागद दाखल झाला. पोलिसांनाही प्रतिवादी केलंय. आणि काल तो हवालदार कोर्टात खरं बोलला. गाडी मी थांबवली, किल्ली मी काढली, मोबाइलचं खोटं साहेबांनी लिहायला लावलं, असं सगळं सांगितलं. माझा राग तरीही गेलेला नाही. पाय कोण परत देणार?

चार दिवसांपूर्वी तो घरी आला होता. दारात हात जोडून, माझी चूक झाली, असं पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी तोंड उघडणार तोच हे कुबड्या घेऊन उठले. म्हणाले, मला काय सांगता, मी तिथेच होतो. ज्यांना माहीत नाही, त्यांना जाऊन सांगा.

ये एकदा. तुझ्यावर लोभ आहे.
तुझी ताई,
मिनल