आठ दिवसांच्या बोलीवर

रविवार, २ फेब्रुवारी २०२५

आज जालन्यात संसार मांडला. निम्मा तरी. नवीन जालन्यात, स्टेशनपासून दहा मिनिटांवर, कंपनीने दिलेलं बैठं घर. दोन खोल्या, भरपूर ऊन आणि मागे पत्र्याची शेड. शरयूने नाशिकहून फोनवर विचारलं, स्वयंपाकघर केवढं आहे? मी शेडची लांबी सांगितली. ती हसली. नाशिकला जागेअभावी माझी हौस दोन जुन्या स्कूटर दुरुस्त करण्यापुढे गेली नव्हती.

बियाण्यांच्या प्लॉटचं काम बघणारा राजानंद सामान उतरवायला आला होता. अंबडचा, बोलका. म्हणाला, "साहेब, भांडी कमी अन् पाने-पकडीच जास्त दिसून राह्यलेत." येताना गरम भजी आणली होती. शरयू आणि आमची लेक स्वरा १६ तारखेला, रविवारी, घर बघायला येणार.

शनिवार, ८ फेब्रुवारी

केदारखेड्याला प्लॉट बघायला गेलो. माझ्याच नावाचं गाव, त्यामुळे राजानंदने वाटेत भरपूर चेष्टा केली. प्लॉटशेजारी राधाकिसन नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात, दोन म्हशींच्या पलीकडे, ती उभी होती. विलायती, बिनटपाची, दोन माणसांची स्पोर्ट्‌स कार. साधारण साठ वर्षांपूर्वीची. गंजून तपकिरी झालेली, बॉनेटवर कोंबड्या. बंपरला दावं बांधून ते खुंटीला अडकवलेलं, जनावरासारखं.

स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहिलं. दाराखालचा पत्रा गेलाय, पायाखालचा गेलाय, चासी शाबूत. इंजिन जाम. शहाण्या माणसाने निघून यावं. मी दोन तास थांबलो.

धरणाच्या कामावरचा कुणी साहेब वडलांकडे सोडून गेला, असं राधाकिसन म्हणाला. विकायची आहे, पण बैलासारखी आठ दिवसांच्या बोलीवर. न्यायची, पाणी पाजून बघायचं, रुळली तर तुमची. इसार नको म्हणाला. हे मला खटकलं. मग बैलबाजारात भाव ठरवतात तसा उपरण्याखाली माझा हात घेतला आणि पाचही बोटं दाबली. पाच काय, मी विचारलं. "कळंल की आठ दिवसांत," म्हणाला. उपरण्याखालचा हात कानशीसारखा खरखरीत होता. शेवटी त्याने दाव्याचं टोक पुढे केलं. मीही हौसेने हात पुढे करून घेतलं. त्याची बायको साखराबाई तेवढ्यात पाठ फिरवून आत गेली.

हा माणूस काहीतरी लपवतोय. गाडी चोरीची असणार.

सोमवार, १० फेब्रुवारी

गाडी काल टेम्पोतून आली. एजंटाकडून कागद तपासून घेतले. नोंदणी, चासीचा नंबर, सगळं बरोबर. इतकं बरोबर की माझा संशय वाढला.

गळती बघायला रेडिएटरमध्ये संध्याकाळी पाच लिटर पाणी ओतलं होतं. सकाळी रेडिएटर कोरडा, आणि खाली फरशीवर एक थेंब नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

डबा खाताना राजानंदला सगळं सांगितलं. दाव्याचं ऐकून तो खाता खाता थांबला. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जनावरं. म्हणाला, विकणारा जनावर देतो, दावं कधीच देत नाही. ते खुंटीलाच राहतं. घेणाऱ्याने नवं आणायचं. "दावं दिलं म्हंजे मागचं सगळंच दिलं. अन् तुम्ही घेतलं?" मी म्हटलं, अरे, ती गाडी आहे. तो हसला, पण पोळी तशीच ठेवून उठला. जाता जाता विचारलं, तिने पाणी घेतलं का.

बुधवार, १२ फेब्रुवारी

उजव्या दारावरचा गंज नाहीसा झालाय. खाली हिरवा रंग, आरशासारखा. विकणाऱ्याचीच ही युक्ती असावी. मी ऑफिसात असताना कुणीतरी येऊन घासून जातं, मला भुलवायला. कदाचित राजानंदच? शेडला कुलूप लावलं. आत जमिनीवर राख पसरली, पाऊल उमटेल म्हणून.

उजव्या तळव्यावर तपकिरी डाग पडलाय. रॉकेलने घासला. जात नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

राख जशीच्या तशी. बॉनेट स्वच्छ, दोन्ही दारं स्वच्छ. पायाखालचा गेलेला पत्रा भरून आलाय.

माझा डाग कोपरापर्यंत. डॉक्टरांनी नखाने खरवडून पाहिलं तर डब्यासारखा आवाज आला. आम्ही दोघं हसलो. मग त्यांनी हातमोजे चढवले.

राधाकिसनला फोन लावला. साखराबाईने उचलला. मी म्हणालो, गाडी परत न्या. ती म्हणाली, मालक बाजारला गेलेत, उपरणं न घेता, उघड्या हातांनी, किती वर्षांनी. हात मऊ झालेत त्यांचे. मग रडायला लागली. "आम्ही तिला थेंबभर पाणी दिलं न्हाई कधी, म्हणून त्यांचा गंज हातावरच थांबला साहेब. सासऱ्यानं पाजलं व्हतं एकदा." सासऱ्याचं काय झालं, ते सांगितलं नाही. दावं कुणाला तरी द्या, एवढंच म्हणाली. हातातून हातात. घेणाऱ्याने आपणहून हात पुढे करायला हवा. "आम्हाला मात्र नका दिऊ."

पाणी पाजून बघा, असं राधाकिसनच म्हणाला होता.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

भंगारवाल्या पप्पूला बोलावलं. आजच्या आज भट्टीत टाक म्हटलं. त्याने गाडीभोवती चक्कर मारली. "मस्करी करता का साहेब? नवीकोरी गाडी कुणी वितळवतं?" निघून गेला.

दावं गटारात फेकायला उचललं. मूठ मिटली ती उघडत नाही. विळीने दावं कापायला गेलो, विळीची धार गेली. हे डाव्या हाताने लिहितोय.

शनिवार, १५

राजानंद दुपारी आला. मला बघून दारातच थबकला. मग म्हणाला, द्या इकडं, बघू तरी — आणि हात पुढे केला. क्षणभर वाटलं, सुटलो. बोटं सैल झाली. त्याच्या घरी दोन लहान पोरं. मूठ पाठीमागे नेली, शिव्या देऊन त्याला हाकललं. बोटं पुन्हा घट्ट.

म्हणजे कुणी मागितलं की ती सुटतात. मी ठरवलंय. कुणालाच नाही.

शरयूला फोन. येऊ नका. जबडा जड, शब्द नीट फुटेनात. ती घाबरली. काय होतंय विचारत राहिली. मी — नुसती घरघर.

रविवार, १६

सकाळ. शेडमध्ये. आत बसलोय, बाहेर उभं राहवत नाही. सीट नवी. चामड्याचा वास. गुडघे वाकत नाहीत आता. इंजिन — कुणी चालू केलं नाही.

आठवा दिवस. संपला की — माहीत नाही. पण दावं माझ्याकडेच.

रिक्षा थांबली. शरयूचा आवाज, शेजाऱ्यांना विचारतेय. माझ्या फोनमुळेच पहिल्या गाडीने —

कुलूप. आतून लावायला हवं होतं. कडी —

स्वरा. एकटीच आली, धावत. गाडी बघून टाळ्या पिटतेय. बाबा, कसली भारी! मी मान हलवतो, नको, नको. मान हलत नाही. ओरडतो. गंजल्या बिजागरीसारखा आवाज. ती हसतेय. तिला वाटतं मी खेळ —

बाबा, ही दोरी कसली? दे ना. मी धरते.

हात पुढे —

घट्ट. घट्ट धर. डाव्या हाताने दाबून —

बोटं. एकेक. उघड