तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं

प्रिय मूनिस खाला,

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुझी डॉक्टर म्हणून मी तुला संमोहनात तुझ्या डाळिंबाच्या बागेत नेलं आणि विचारलं, "दुखतंय का?"

"नाही गं पोरी, तुझ्या आवाजातच औषध आहे."

मी हुरळले. वेदनाशामक इंजेक्शन बंद करायला सांगितलं. सकाळी नर्सनं तुझ्या उशीचा अभ्रा दाखवला. त्याचा कोपरा तू चावून चावून फाडला होतास.

आपल्या शिराझमध्ये तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय चहालाही कुणी हो म्हणत नाही. तुला चहा मी तीनदा विचारला. दुखण्याचं एकदाच.

हे पत्र पाठवणार नाही. तू म्हणशील, "वेडाबाई, खरंच दुखलं नव्हतं." आणि मला पुन्हा ते खरं मानावंसं वाटेल.

तुझीच भाची,
मेहरी